टी लिहिलेलं बटन

सांगलीत आमच्या आत्याच्या घरी जिन्याखाली मीटर आहे आणि मीटरशेजारी खटक्यांची पांढरी पेटी. पेटीतला सगळ्यांत रुंद खटका आरसीसीबीचा. त्याच्यावर नखाएवढं एक बटन आहे आणि त्यावर इंग्रजी टी छापलाय. दर महिन्याच्या एक तारखेला, सकाळची पूजा झाली की आत्या ते बटन दाबते. खट् आवाज होतो, फ्रिजची घरघर थांबते, देवघरातली समई तेवढी उरते. मग ती खटका वर करते आणि म्हणते, "चालू आहे गं आपलं मशीन." शहात्तराव्या वर्षी इतक्या नेमानं हे करणारं दुसरं माणूस मला अजून भेटलेलं नाही.

या वर्षी जानेवारीत तिच्याकडे एका परवानाधारक वायरमनना घेऊन गेले. पस्तीस वर्षं या धंद्यात असलेले हे गृहस्थ. त्यांच्याबरोबर सांगली-मिरजेतली घरं हिंडायची आणि घरातल्या वीजगळतीबद्दल लिहायचं, असं ठरलं होतं. सुरुवात आपल्या माणसापासून करावी म्हणून आत्याचं घर निवडलं. तिथे सगळं ठीकच असणार, अशी माझी खात्री होती.

त्यांनी आधी टीचं बटन दाबलं. खटका पडला. तो वर केला. मग पिशवीतून दोन वायरी लावलेला बल्ब, म्हणजे टेस्ट लॅम्प, काढला. स्वयंपाकघरातल्या थ्री-पिनमध्ये एक वायर फेजला आणि दुसरी अर्थिंगच्या मोठ्या भोकाला लावली. बल्ब लख्ख पेटला आणि खटका मात्र जागचा हलला नाही. आत्या खूश झाली. "म्हणजे अर्थिंग आहे ना भाऊ?" वायरमन काही बोलले नाहीत. त्यांनी पिवळा, विटेएवढा एक टेस्टर काढला, तो त्याच प्लगला लावला आणि फेजमधून अर्थिंगमध्ये नेमका ३० मिलिअँपिअर करंट सोडला. एवढ्यावर आरसीसीबी पडायलाच हवा. तो ढिम्म. पुन्हा सोडला. मग पाचपट, १५० मिलिअँपिअर. तरीही पडेना.

"ताई, इथं काहीतरी खोटं हाय," ते म्हणाले.

ते खोटं काय होतं, हे कळायला त्या खटक्याच्या पोटात काय चालतं ते आधी बघावं लागतं. आत लोखंडी मिश्रधातूचं एक कडं असतं. घरात येणारी फेज आणि घरातून परत जाणारी न्यूट्रल, दोन्ही या कड्यातून ओवलेल्या असतात. जितका करंट फेजनं आत गेला तितकाच न्यूट्रलनं परत आला, तर दोन्हींची चुंबकीय ओढ एकमेकींना पुसून टाकते आणि कडं शांत राहतं. पण गीझरच्या पत्र्यातून, ओल्या भिंतीतून किंवा माणसाच्या अंगातून थोडा करंट जमिनीत गेला, तर परत येणारा तेवढ्यानं कमी भरतो. कड्यात चुंबकत्व उरतं, त्यावर गुंडाळलेल्या बारीक तारेत करंट उपजतो आणि तो खटक्याची खिट्टी ओढतो. इतकंच. आपल्या घरांत बसवतात त्या आरसीसीबीवर ३० मिलिअँपिअर लिहिलेलं असतं. त्याच्या निम्म्यापर्यंत, म्हणजे १५ पर्यंत त्यानं पडू नये आणि ३० झाले की ३०० मिलिसेकंदांच्या आत पडावं. गळती पाचपट असेल तर ४० मिलिसेकंदांत. आपल्याकडचं मानक आयएस १२६४० हेच मागतं.

तीसचा आकडा कुणी हवेतून काढलेला नाही. अमेरिकेत बर्कली विद्यापीठात चार्ल्स डॅल्झिएल यांनी स्वयंसेवकांच्या हातात तार देऊन, कितीव्या मिलिअँपिअरला माणसाला मूठ उघडता येत नाही, ते मोजलं होतं. पुरुषांची सरासरी आली १६, स्त्रियांची साडेदहा. म्हणजे हातातली वायर टाकून देणं आपल्या इच्छेवर उरत नाही, ती रेषा ३० च्या पुष्कळ अलीकडे आहे. ३० वर झटका बसतो, आणि जोरदार बसतो. पण करंट वेळेत तुटला, तर हृदयाची लय बिघडायला तो पुरत नाही. सगळी मदार त्या वेळेवर. तुलनेला एक साधी गोष्ट सांगते: १५ वॉटचा छोटा बल्ब ६५ मिलिअँपिअर घेतो. माणसाचा जीव जायला लागणारी वीज देवघरातल्या दिव्याएवढीसुद्धा नसते.

हे यंत्र आलं १९५० च्या दशकात. दक्षिण आफ्रिकेत हेन्री रुबिन सोन्याच्या खाणींसाठी गळती पकडणारं साधन घडवत होते आणि ऑस्ट्रियात गॉटफ्रीड बिगेलमायर घरांसाठी. त्याच्याही आधी एक जुना प्रकार होता. त्यात अर्थिंगची तारच एका कॉइलमधून नेत आणि त्या तारेवर व्होल्टेज चढलं की खटका पडे. त्याला ईएलसीबी म्हणत. तो प्रकार मागे पडला, नाव मात्र टिकलं. आजही आपल्या बाजारपेठेतल्या दुकानात जाऊन "ईएलसीबी द्या" म्हटलं की दुकानदार आरसीसीबीच काढून देतो.

आता टीचं बटन. ते दाबल्यावर खटक्याच्या आतच एका रेझिस्टरमधून थोडा करंट कड्याला वळसा घालून फेजकडून न्यूट्रलकडे जातो. कड्याला वाटतं गळती झाली, खिट्टी ओढली जाते. या सगळ्यात घरातल्या अर्थिंगचा संबंध कुठेच येत नाही. घराला अर्थिंग मुळीच नसलं, तरी बटन तितक्याच इमानानं काम करतं. बटन दाबल्यानं कळतं ते एवढंच, की कडं, कॉइल आणि खिट्टी गंजलेली नाहीत. हे कळणंही मोलाचं आहे. वर्षानुवर्षं न हललेली खिट्टी जाम होते, किंवा पहिल्यांदा पडताना वेळ घेते, आणि आपल्याला तर ४० मिलिसेकंदांचा हिशोब लावायचाय. म्हणून कंपन्या महिन्याला, निदान तीन-सहा महिन्यांनी, बटन दाबायला सांगतात. आत्या करत होती ते बरोबरच होतं. फक्त ती खटका तपासत होती आणि तिला वाटत होतं, घर तपासलं.

त्या दिवशी वायरमन परसात गेले. अर्थिंगचा खड्डा कुठे आहे, हे आत्याला आठवत होतं, प्राजक्ताच्या बुंध्याशी. ऑगस्ट २०१९ च्या पुरात या गल्लीत कृष्णेचं पाणी दिवसचे दिवस उभं होतं. खालच्या मजल्यावरचे सगळे बोर्ड पाण्याखाली गेले होते. पूर ओसरल्यावर बोर्ड बदलले, भिंती रंगवल्या, पण खड्ड्याकडे कुणी पाहिलं नाही. प्राजक्ताखालची माती हातभर उकरली, तेव्हा जीआयच्या तारेचं टोक हाती आलं. गंजून तुटलेलं, खाली कशालाच न जोडलेलं.

म्हणजे घराला अर्थिंग नव्हतं. मग बल्ब पेटला कसा? फेजमधून निघालेला करंट गेला तरी कुठे?

वायरमन पायरीवर बसले. विटेचा तुकडा घेऊन त्यांनी फरशीवर चार रेघा ओढल्या. "कुणीतरी लूप मारलाय," ते म्हणाले. घरातल्या कुठल्यातरी बोर्डात न्यूट्रल आणि अर्थिंगच्या पिना एका तुकड्यानं जोडल्या असणार. अर्थिंग मिळत नाही, फ्रिजच्या किंवा मिक्सरच्या पत्र्याला झिणझिण्या येतात, आणि काम उरकायचं असतं. मग हा उपाय होतो. बल्ब पेटतो, मालक समाधानी. अर्थिंगच्या तारा घरभर एकमेकींना जोडलेल्या असतात, त्यामुळे एका बोर्डातल्या लूपनं सगळ्या घराचं अर्थिंग न्यूट्रल होऊन बसतं. आणि हा लूप आरसीसीबीच्या पुढे, घराच्या बाजूला असतो. म्हणजे गळालेला करंट अर्थिंगच्या तारेनं निघाला, लूपमधून न्यूट्रलमध्ये शिरला आणि कड्यातून गुपचूप परत गेला. कड्याला गेलेला आणि आलेला सारखाच दिसला. टेस्टरचे १५० मिलिअँपिअर याच वाटेनं परत जात होते.

मला त्या रेघांकडे बघून थंडी वाजली. कारण पुढची गोष्ट त्यांनी न विचारता सांगितली: खांबावरून येणारी न्यूट्रल समजा पावसात तुटली, तर घरात चालू असलेल्या पंख्या-दिव्यांतून फेज या न्यूट्रलवर येते, लूपमधून अर्थिंगवर येते, आणि फ्रिज, गीझर, वॉशिंग मशीन, सगळ्यांचे पत्रे एकदम जिवंत होतात. खटका त्यातही पडत नाही. ओल्या फरशीवर अनवाणी उभं राहून त्या पत्र्याला हात लावणाऱ्याच्या अंगातून करंट जमिनीत गेला तरच तो पडायचा.

"आधी खड्डा करू. खरं अर्थिंग जोडलं की लूप आपोआप बोंबलतोय बघा."

फेब्रुवारीत खड्डा झाला. जीआय पाइप, कोळसा, मीठ, वर पाणी घालायला फनेल. आपल्याकडची जुनीच पद्धत. आमची माती काळी. ती ओली असताना पाइपला घट्ट धरते, उन्हाळ्यात भेगाळते आणि पाइप सोडून देते, म्हणून फनेलमध्ये पाणी घालत राहायचं. अर्थ टेस्टरवर ९ ओहम आले. हे वाईट नाही, पण त्यातून एक गोष्ट मला पहिल्यांदा उमगली. २३० व्होल्टला ९ नं भागलं की साधारण २५ अँपिअर येतात. गीझरची फेज पत्र्याला सरळ टेकली आणि आरसीसीबी नसेल, तर एवढा करंट जमिनीत वाहणार. १६ अँपिअरचा एमसीबी २५ अँपिअरवर लगेच पडत नाही. त्याला मिनिटं लागतात, कधी तासाच्या आसपासही. तोवर पत्रा जिवंत. तोच आरसीसीबी मात्र ९ ओहम काय, शेकडो ओहमच्या खड्ड्यावरही पडतो, कारण त्याला हवेत फक्त ३० मिलिअँपिअर. "एमसीबी आहे की आमच्याकडे" असं म्हणणाऱ्या प्रत्येकाला मी आता हा भागाकार करून दाखवते. एमसीबी वायर जळू देत नाही. माणसाकडे बघणं त्याचं काम नाही. (आणि उलटही खरं आहे: आरसीसीबीला ओव्हरलोड कळत नाही, आणि कुणी एका हातात फेज, दुसऱ्यात न्यूट्रल धरून लाकडी स्टुलावर उभं असेल तर तेही कळत नाही. दोन्ही खटके लागतात आणि शहाणपणही लागतं.)

खड्ड्याची तार दुपारी जोडली. संध्याकाळी सातला खटका पडला. वर केला, पुन्हा पडला. सगळे एमसीबी खाली करून वर केला, तरी दहा मिनिटांत पडला. आत्यानं घाबरून कोपऱ्यावरच्या एका मुलाला बोलावलं. तो आला, बघितलं आणि म्हणाला, "आजी, हा खराब झालाय. डायरेक्ट करून देतो." डायरेक्ट म्हणजे आरसीसीबीच्या आधीच्या वायरी काढून थेट पुढे जोडायच्या. दहा मिनिटांचं काम, रात्रीचा अंधार टळतो. या आठ-नऊ महिन्यांत मी जितकी घरं पाहिली, त्यांतल्या कितीतरी पेट्यांत आरसीसीबी नुसता शोभेला बसलेला होता, वायरी बाहेरून गेलेल्या. दर वेळी कारण एकच सांगितलं जाई: सारखा पडायचा. हे ऐकलं की मला राग येतो. त्या मुलांचा नाही. त्यांना कुणी शिकवलंच नाही. राग येतो तो पडणाऱ्या खटक्याला त्रास समजायच्या आपल्या सवयीचा. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या अहवालांत विजेच्या धक्क्यानं मेलेल्यांचा वर्षाचा आकडा बारा हजारांच्या वर असतो. त्यांत शेतातल्या मोटारी आहेत, तुटलेल्या तारा आहेत, आणि घरातली न्हाणीघरंही आहेत.

आत्यानं त्या मुलाला थांबवलं आणि मला फोन केला. ती रात्र तिनं कंदिलावर काढली.

सकाळी वायरमन आले तेव्हा मी विचारलं, सगळे एमसीबी खाली असतानाही खटका कसा पडतो? आपल्या पेट्यांतले बहुतेक एमसीबी एकेरी असतात. ते फक्त फेज तोडतात, न्यूट्रल जोडलेलीच राहते. सगळ्या गल्लीची न्यूट्रल एकच. संध्याकाळी घरोघरी लोड वाढला की तिच्यावर जमिनीच्या तुलनेत एखाद-दोन व्होल्ट चढतात. आता आत्याच्या घरात लूप होता आणि त्याच्या टोकाला खरा खड्डा. ९ ओहमच्या वाटेनं एक व्होल्टसुद्धा शंभरेक मिलिअँपिअर ढकलू शकतो. म्हणजे शेजाऱ्यांच्या शेगड्या-इस्त्र्यांचा करंट आत्याच्या स्वयंपाकघरातून तिच्या परसात उतरत होता, आणि कडं आपलं काम चोख बजावत होतं. नवं अर्थिंग जोडल्यावर खटका 'बिघडला' नव्हता. कैक वर्षांत पहिल्यांदा त्याला घर दिसत होतं.

शोधायची रीत कंटाळवाणी आहे, आणि तीच बरोबर आहे. मेन बंद. घरातली सगळी उपकरणं प्लगमधून काढायची, नाहीतर मेगरच्या, म्हणजे इन्सुलेशन मोजणाऱ्या यंत्राच्या, ५०० व्होल्टनं टीव्ही जायचा. न्यूट्रल लिंकवरच्या वायरी एकेक करून सोडवायच्या, प्रत्येकीवर चिकटपट्टी लावून नाव लिहायचं. मग प्रत्येक न्यूट्रल आणि अर्थिंग यांच्यात मेगर लावायचा. निदान १ मेगओहम यायला हवेत. हॉल, २० च्या वर. बेडरूम, तसंच. पुरात बुडालेली पुढची खोली, साडेतीन; पाइपात अजून गाळ असणार. स्वयंपाकघर, शून्य. ओट्यावरचा बोर्ड उघडला. प्लगच्या मागे न्यूट्रलपासून अर्थिंगपर्यंत काळ्या वायरीचा बोटभर तुकडा, दोन्ही टोकांना स्क्रू छान आवळलेला. नीटनेटकं काम होतं.

तुकडा काढला, सगळं परत जोडलं, खटका वर राहिला. आत्यानं आंघोळीसाठी गीझर लावला आणि खटका पडला.

हे दुसरं दुखणं पहिल्याच्या आड दडून होतं. बोअरच्या क्षारांनी गीझरच्या कॉइलचं आवरण खाल्लं होतं. त्यातून पाण्यात आणि टाकीच्या पत्र्यात गळती होत होती, आणि इतकी वर्षं लूप ती गळती गुपचूप न्यूट्रलमध्ये नेऊन सोडत होता. आत्या म्हणाली, "मला वाटायचं, पाण्याला जरा मुंग्या येतात ते थंडीनं." मी काही बोलले नाही. वायरमननीही मान खाली घातली. कॉइल बदलली.

मग शेवटची तपासणी. १५ मिलिअँपिअरला खटका पडायला नको होता, पडला. मला वाटलं तिसरं दुखणं निघालं. त्यांनी गळती मोजायचा बारीक क्लॅम्प मीटर काढून फेज आणि न्यूट्रल दोन्ही एकत्र त्याच्या जबड्यात घेतल्या. ७ मिलिअँपिअर. फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन, इंटरनेटचा डबा. यांच्यातल्या फिल्टरमधून एखाद-दीड मिलिअँपिअर अर्थिंगला जातच असतो, आणि सगळ्यांचा मिळून भरतो. टेस्टरचे १५ त्यात मिळाले की २२. म्हणून खटका तपासताना पुढचं घर सोडवून ठेवायचं असतं. सोडवलं. १५ ला नाही पडला. ३० ला २६ मिलिसेकंद. १५० ला त्याहून कमी. आत्यानं आकडे कॅलेंडरच्या मागे लिहून घेतले.

पुढच्या महिन्यांत पाहिलेल्या घरांची दुखणी बहुतेक याच जातीची होती, थोडी वेगळी मांडलेली. विश्रामबागेतल्या एका फ्लॅटमध्ये वीज गेली की खटका ठीक, आली की पडे: इन्व्हर्टरच्या दिव्यांची फेज आरसीसीबीच्या आधीच घेतलेली आणि न्यूट्रल नंतरच्या लिंकवर सोडलेली. मिरजेच्या एका बंगल्यात बटन दाबून काहीच होत नव्हतं आणि मालकांनी नवा आरसीसीबी आणून ठेवला होता. चार पोलांचा खटका सिंगल फेजवर लावलेला, बटनाचं सर्किट ज्या पोलाला जोडलेलं असतं तो रिकामा. टेस्टरवर खटका उत्तम. वायर बदलली, बटन बोललं, नवा खटका दुकानात परत गेला. पावसाळ्यात गच्चीवरचा मोटारीचा स्टार्टर, गेटच्या खांबातला दिवा, जंक्शन बॉक्समध्ये मेलेली पाल. आणि एका नव्या घरात खटक्याच्या तोंडावर नुसती लाटेची खूण होती, खाली अर्ध्या लाटांची दुसरी खूण नव्हती. म्हणजे तो एसी प्रकारचा, साध्या गळतीपुरता. इन्व्हर्टर एसी आणि नव्या वॉशिंग मशीनमधली तुकड्या-तुकड्यांची गळती पकडायला ए प्रकार लागतो. दुकानात हे कुणी आपणहून सांगत नाही. मागून घ्यावा लागतो.

सप्टेंबरात पुन्हा आत्याकडे गेलो. खड्डा पावसानं ३ ओहमवर आला होता. ओट्याच्या ड्रॉवरमध्ये, काडेपेटीच्या शेजारी, तो काळ्या वायरीचा तुकडा तिनं जपून ठेवलाय. तो हातात घेऊन ती म्हणाली, "आमचं काम ज्यानं केलं, त्यानंच समोरच्यांचंही केलं होतं. पुरानंतरच."

वायरमननी पिशवी उचलली. समोरच्या घरात सूनबाईंनी दार उघडलं, चहाचं विचारलं. त्यांच्याही पेटीत आरसीसीबी होता. टीचं बटन दाबलं, पडला. स्वयंपाकघरात टेस्ट लॅम्प लावला. बल्ब लख्ख पेटला. त्यांनी पिवळा टेस्टर काढून प्लगला लावला, माझ्याकडे एकदा बघितलं आणि ३० मिलिअँपिअरचं बटन दाबलं.

खटका वरच राहिला.